घरचीच, पण मिंधी

पत्र:

ताई, मी अठरा वर्षांची आहे. विद्यार्थी देवाणघेवाणीच्या कार्यक्रमातून दहा महिन्यांसाठी परदेशात आले, त्यातले तीन संपले. होस्ट फॅमिली चांगली आहे. नवराबायको आणि सहा आणि नऊ वर्षांची दोन मुलं. सगळ्यांना ते माझी ‘ही आमची मोठी मुलगी’ अशी ओळख करून देतात. पण मी खोलीबाहेर पडण्याआधी दाराशी उभी राहून कानोसा घेते आणि स्वयंपाकघर रिकामं झालं की मगच जाते. दर शनिवारी संध्याकाळी दोघं बाहेर जातात आणि मुलं माझ्यावर सोपवतात. ‘तू तर घरचीच’ म्हणतात. मला नाही म्हणवत नाही. रोज रात्री आईशी दोन तास व्हिडिओ कॉल होतो. परवा कॉल चालू असताना होस्ट आईने हाक मारली, मी ‘हो मॉम’ म्हटलं आणि इकडे आई एकदम गप्प झाली. तेव्हापासून दोघींशी बोलताना चोरी केल्यासारखं वाटतं. शाळेत बोलायला मुली आहेत, पण ‘आपलं’ म्हणावं असं कुणी नाही. निघण्याआधी आम्हाला सांगितलं होतं की आपल्या भाषेच्या लोकांपासून लांब राहा, नाहीतर तिथे रुळणार नाही. मी लांब राहिले. माझंच काही चुकतंय का?

ता. क. समजा सगळं जमलं, तर परत येताना ते तुटणार नाही का?

उत्तर:

प्रिय मुली,

तुझं मूळ पत्र चार पानी होतं, इथे कापून छापलं आहे. कापता कापता मोजलं. ‘उपकार’ हा शब्द सात वेळा आलाय. ‘मला हवं होतं’ असं एकदाही नाही. तुला वाटतंय की तुझ्या दुखण्याचं नाव एकटेपणा. मला ते मिंधेपण वाटतं. मिंधा माणूस आदबीने वागतो, हळू बोलतो, कुणाला त्रास देत नाही, आणि तेवढ्यासाठीच तो कुणाचा होत नाही. घरातली माणसं एकमेकांच्या ऋणाची वही ठेवत नाहीत. तू मात्र रोज रात्री ती उघडून बसतेस.

मीही ठेवली होती, म्हणून ओळखते. एकोणीस वर्षांची असताना परक्या देशात वर्षभर एका कुटुंबाकडे राहिले. ते चौघं, मी पाचवी, न्हाणीघर एकच. अंघोळ झाली की मी माझ्या टॉवेलने नळावरचे थेंब टिपायची, फरशी कोरडी करायची, आरशावरची वाफसुद्धा पुसायची. साबण डबीत घालून परत न्यायची. ओला टॉवेल खोलीत खुर्चीच्या पाठीवर वाळत घालायची. मी तिथे अंघोळ केली असं कुणाला सिद्ध करता आलं नसतं. मला वाटायचं, काय समंजस मुलगी आहे मी!

सहा आठवड्यांत खोलीला कुबट वास यायला लागला. होस्ट आई खिडकी उघडायला आली. तिने खुर्चीकडे बघितलं, टॉवेल चाचपला आणि एक शब्दही न बोलता खाली निघून गेली. माझ्या पोटात गोळा आला. परत आली ती हातात स्क्रू ड्रायव्हर आणि एक पितळी हुक घेऊन. न्हाणीघराच्या दारामागे चार हुक होते, त्यांच्या रांगेत तिने पाचवा बसवला. जरा वाकडाच बसला. मग म्हणाली, ‘तू घरात आहेस की नाही हेच कळत नाही आम्हाला. मी रात्री उठून तुझ्या दाराखाली उजेड दिसतोय का ते बघते.’

मी ज्याला सभ्यपणा समजत होते, त्याने त्या बाईची झोप उडवली होती.

तेव्हा कानोसा घेणं आजपासून बंद. स्वयंपाकघरात माणसं असतील तेव्हाच जा. बोललंच पाहिजे असं नाही, वह्या घेऊन टेबलाच्या कोपऱ्याला बस आणि अभ्यास तिथे कर. लहान मुलं दहा मिनिटांत तुला छळायला येतील, येऊ देत. तुझी छत्री दाराशी दिसू दे, तुझं अर्धं वाचलेलं पुस्तक सोफ्यावर पडलेलं असू दे. आणि माग. काहीतरी माग. हे सगळ्यात अवघड आहे, मला माहीत आहे. ‘ही उशी मला उंच होते, दुसरी आहे का?’ ‘उद्या पाऊस असेल तर मला शाळेत सोडाल का?’ एवढंसं. ज्याला कधीच काही लागत नाही अशा माणसापुढे घरातलेच अवघडून जातात. त्यांना कळत नाही की याच्यासाठी करायचं तरी काय.

उपकारांचं म्हणशील, तर जरा इतिहास बघ. दोन्ही महायुद्धांत रुग्णवाहिका चालवणाऱ्या अमेरिकन स्वयंसेवकांची एक संघटना होती, एएफएस, म्हणजे अमेरिकन फील्ड सर्व्हिस. युद्ध संपल्यावर, १९४७ साली, त्याच लोकांनी शाळकरी मुलांना दुसऱ्या देशातल्या घरांत राहायला पाठवण्याचा कार्यक्रम सुरू केला. जखमी माणसं गाडीत घालून नेलेल्यांना सुचलेली ही गोष्ट आहे. परकं मूल आपल्या टेबलाशी बसलं, आपल्या मुलांशी भांडलं, तर परकेपणाच जरा कमी होईल, असा तो विचार. म्हणजे दार उघडणाऱ्यालाही त्यातून काही हवं असतं. तुझ्या घरातल्या त्या दोन मुलांनी एक वेगळं माणूस जवळून पाहावं, हे त्यांच्या आईबापांना हवं होतं. तू दार लावून बसलीस की त्यांना ते मिळत नाही. वहीत हीही बाजू लिही.

आता मैत्रीचं. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. नुकतीच नव्या गावी राहायला गेलेली माणसं आणि विद्यापीठात नवे आलेले विद्यार्थी यांना त्यांनी नव्या ओळखींबद्दल विचारलं. नुसत्या ओळखीची जुजबी मैत्री व्हायला साधारण ५० तास लागतात, मैत्री म्हणावी अशी व्हायला ९० च्या आसपास आणि जिवलग व्हायला २०० च्या वर, असा त्यांचा अंदाज निघाला. तेही गप्पा मारत, उनाडत घालवलेले तास. शेजारी बसून नुसतं काम केलं तर ते तितकेसे धरायचे नाहीत. आकडे काही दगडावरची रेघ नाहीत, पण हिशोब करून बघ. आठवड्याला दोन तास भेटणाऱ्या मुलीशी ५० तास भरायला पंचवीस आठवडे लागतात. तुझे तिथे तेरा झाले आहेत. म्हणजे तुझं काही चुकलेलं नाही, अजून वेळच झालेली नाही.

हाच हिशोब दुसऱ्या बाजूने केला तर जरा झोंबेल. रोज दोन तास, तीन महिने, म्हणजे १८० तास. एवढा वेळ तू एका बंद दाराआड फोनपुढे बसली आहेस. तेही रात्री, जेव्हा घरातली कामं उरकलेली असतात आणि माणसं पाय पसरून बसतात. त्या वेळी बैठकीच्या खोलीत काय चालतं हे तुला माहीत तरी आहे का? बहुधा काहीच चालत नसेल. कुणीतरी मोजे जुळवत असेल, कुणीतरी टीव्हीवर काही बघता बघता पेंगत असेल. पण घर म्हणतात ते तेच. आईशी बोलणं तोडू नकोस, मी तसं सुचवतही नाही. दिवसाआड अर्धा तास कर, आणि शक्यतो दिवसा, बाहेर चालता चालता. चालताना माणूस जरा वेगळं बोलतो, रडतो कमी.

आईच्या गप्प होण्याबद्दल मला तुझ्यापेक्षा वेगळं वाटतं. थोडं दुखलं असेल, नाही कशाला म्हणू? पण तू तिला रोज दोन तास काय सांगतेस ते तुझ्या मूळ पत्रातच आहे: करमत नाही, तुझी आठवण येते. तीन महिने तिच्या डोळ्यांपुढे एक रडकी, एकटी लेक आहे. आणि अचानक कानावर येतं, ‘हो मॉम’, तेही इतक्या सहज! तिच्या ध्यानात आलं असणार की तिथे एक अख्खं घर चालू आहे आणि त्यातलं आपल्याला काहीच सांगितलेलं नाही. आपण बाहेर राहिलो असं तिला वाटलं, ते इथे. तेव्हा तिला त्या घरातलं सांग. धाकट्याचा दात पडला, मोठ्याने शाळेत कुणाला ढकललं, दिव्याचं बटण उलटं चालतं. एकदा फोन सरळ होस्ट आईच्या हातात दे. दोघींना एकमेकींची भाषा येत नसेल तर उत्तमच, दोघी हसतील आणि हात हलवतील. निम्मं काम तिथेच होईल.

आणि ‘मॉम’ हा शब्द तुझ्या तोंडी जड होत असेल तर म्हणू नकोस. नावाने हाक मारली म्हणून जीव कमी लागत नाही. आपल्या भाषेत शब्दांना काय तोटा आहे? तिला ‘मावशी’ हा शब्द शिकव, अर्थ समजावून सांग: आईच्या पाठची. असा एक खास शब्द आपल्यासाठी आहे हे कळल्यावर माणसं खूश होतात असा माझा अनुभव आहे. ‘मावशी उरो’ ही म्हण तुझ्या आईलाही ठाऊक असेलच. तिचं पहिलं अर्धं मात्र सध्या काढू नकोस.

शनिवारबद्दल माझा सूर वेगळा आहे.

वर मी ‘घरातली हो’ म्हणाले. घरातलं होण्यात काम आलंच. भांडी पुसणं, कचरा बाहेर नेणं, मुलांकडे तासभर बघणं यात कमीपणा नाही, उलट हाताला काम असलं की अवघडलेपण जातं. पण तुला विचारतात की कळवतात? सख्खी अठरा वर्षांची मुलगी असती तर तिने तिसऱ्या शनिवारी पाय आपटले असते, ‘मीच का दर वेळी?’ म्हणाली असती, आणि घर काही कोसळलं नसतं. तुला कुरकुर करायची सोय नाही. जिथे कुरकुर करता येत नाही तिथे ‘घरचीच’ हा शब्द फक्त कामापुरता आहे.

मुलं सांभाळण्याच्या बदल्यात परक्या घरात राहणाऱ्या तरुणांची एक वेगळी रीतसर व्यवस्था असते. त्यांना ओ पेअर म्हणतात. फ्रेंच शब्द आहे, अर्थ ‘बरोबरीच्या नात्याने’. त्यांच्यासाठी युरोप परिषदेने १९६९ साली एक करार केला. त्यात काम सर्वसाधारणपणे दिवसाला पाच तासांहून जास्त नको, आठवड्यात निदान एक दिवस पूर्ण मोकळा हवा, आणि हातखर्चाला पैसे द्यायला हवेत, असं स्पष्ट लिहिलं आहे. ज्या त्याच कामासाठी येतात त्यांनाही एवढी मोकळीक आहे. तू तर शिकायला आली आहेस.

ते दोघं लबाड आहेत असं मात्र मी म्हणत नाही. पहिल्या शनिवारी तू हसून हो म्हणालीस, दुसऱ्याही. त्यांनी धरून चाललं की तुला आवडतं. माणसं अशीच असतात, मीही आहे. तर सांग. शनिवारी सहा वाजता, होस्ट आई कोट चढवत असताना नको. मंगळवारी सांग, बुधवारी सांग, सगळे निवांत असताना. ‘मुलांबरोबर मला मजा येते. महिन्यातून दोन शनिवार मी थांबेन. उरलेले दोन मला माझ्यासाठी हवे आहेत.’ कारण देऊ नकोस, माफी मागू नकोस, आणि सांगून झाल्यावर लगेच खोलीत पळू नकोस. तिथेच बसून राहा. बहुतेक ती म्हणेल, ‘अगं, आधी का नाही बोललीस?’ तसं झालं तर त्या दिवशी तू खरी घरची झालीस असं समज.

तोंड वाकडं झालं, पुढच्या शनिवारी पुन्हा तेच झालं, तर कार्यक्रमाच्या स्थानिक समन्वयकाला फोन कर. त्या माणसाचं कामच ते आहे. अमेरिकेत शाळकरी विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमांना नियमच आहे की स्थानिक समन्वयकाने दर महिन्याला विद्यार्थ्याशी संपर्क ठेवायचा. इतरत्रही चांगल्या संस्था अशी व्यवस्था ठेवतात. फोन केला म्हणजे चुगली केली असं होत नाही. घर बदलावं लागलं तरी ती नामुष्की नाही. रोटरीच्या वर्षभराच्या कार्यक्रमात विद्यार्थी बहुधा एकाहून जास्त घरांत राहतात, तिथे तर ती रीतच आहे. आणि हे तुझ्या पत्रात नाही, तरी लिहून ठेवते, कारण हे सदर इतर मुलीही वाचतात: कुणी पासपोर्ट काढून घेतला, फोन काढून घेतला, नको तसा हात लावला, दाराला आतून कडी लावू दिली नाही, तर मला पत्र लिहीत बसायचं नाही. त्याच दिवशी समन्वयकाला आणि घरी फोन.

मोकळे झालेले दोन शनिवार कशाला वापरायचे? एक जागा शोध जिथे तू गेली नाहीस तर कुणाच्या तरी लक्षात येईल. माझी अट एवढीच. गाण्याचा गट, वाचनालयात पुस्तकं लावायचं स्वयंसेवी काम, एखाद्या खेळाचा तिसऱ्या दर्जाचा संघ. तिसऱ्या दर्जाचा मुद्दाम म्हणते, पहिल्या दर्जाचे लोक फार सराव करतात, बोलत नाहीत. आठवड्याच्या आठवड्याला तीच माणसं, तीच वेळ. नवनव्या कार्यक्रमांना जाऊन दर वेळी नव्या माणसांना आपलं नाव सांगत बसण्याने फक्त दमायला होतं.

आणि हलक्या ओळखींना हलकं लेखू नकोस. गिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन या दोघींनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं की ज्या दिवशी विद्यार्थी वर्गातल्या नेहमीपेक्षा जास्त मुलांशी बोलले, त्या दिवशी त्यांना जास्त बरं वाटलं, आपण इथले आहोत असं जास्त वाटलं. जिवलग मैत्रिणींशी नव्हे, नुसत्या ओळखीच्यांशी बोलून. बसचालकाला रोज नमस्कार कर. पंधराव्या दिवशी तो तुझ्यासाठी अर्धा मिनिट थांबेल.

आपल्या भाषेच्या लोकांपासून लांब राहा असं ज्यांनी सांगितलं, त्यांचा हेतू चांगला असेल, सल्ला चुकीचा आहे. स्टीफन बॉकनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली परदेशी विद्यार्थ्यांच्या मैत्रीचा अभ्यास केला. त्यांना तीन वेगवेगळी वर्तुळं दिसली. आपल्या देशाची माणसं, ज्यांच्यापाशी मन मोकळं होतं. तिथली स्थानिक माणसं, ज्यांच्यामुळे शिक्षण आणि रोजचे व्यवहार सुकर होतात. आणि तुझ्यासारखेच बाहेरून आलेले, तिसऱ्याच देशांचे विद्यार्थी, ज्यांच्याबरोबर मौजमजा होते. तू पहिलं वर्तुळ कापून टाकलंस, म्हणून सगळा भार आईच्या फोनवर आला. बघ, दोन तासांचं मूळ तिथे आहे. आठवड्यातून एक संध्याकाळ आपल्या भाषेत बडबड, भांड, विनोद कर. विनोद महत्त्वाचा. परक्या भाषेत माणूस कित्येक महिने विनोदी नसतो, आणि आपण विनोदी आहोत हे विसरणं फार वाईट. तिसरं वर्तुळही धर. तुझ्या वर्गात आणखी कुणीतरी कोपऱ्यात बसून शब्दकोश चाळत असेलच.

तिसऱ्या महिन्यात असं वाटणं बरोबर आहे का, असंही तू मूळ पत्रात विचारलं होतंस. नॉर्वेचे स्वेर लिसगार्ड यांनी १९५५ साली अमेरिकेत राहून परतलेल्या २०० नॉर्वेजियन लोकांचा अभ्यास मांडला. तिथे सहा ते अठरा महिने राहिलेले लोक, त्याहून कमी आणि त्याहून जास्त राहिलेल्यांपेक्षा कमी रुळलेले आढळले. म्हणजे तुझे दहा महिने नेमके खड्ड्यात! पण नंतरच्या अभ्यासांत हा खड्ड्याचा आलेख सरसकट जुळला नाही. काहींना तर सुरुवातच सगळ्यात वाईट जाते. म्हणून कितव्या महिन्यात काय वाटायला हवं याचं वेळापत्रक कुणी पुढे केलं तर घेऊ नकोस.

राहता राहिला ता. क. तुटेल का? काही तुटेल. परतल्यावर पुन्हा एकदा तसाच खड्डा येतो असं जॉन आणि जीन गुलाहॉर्न या दांपत्याने १९६३ मध्येच लिहून ठेवलंय, तेव्हा परत आल्यावर आपल्याच घरात परकं वाटलं तर घाबरू नकोस, त्या वेळी पुन्हा लिही. माझं विचारशील तर पहिली दोन वर्षं पत्रं गेली-आली, मग सहा वर्षं काहीच नाही. चूक माझी. पुढे त्या बाजूला जाणं झालं तेव्हा धीर करून दार वाजवलं. मावशीचे केस पांढरे झाले होते. हात धुवायला न्हाणीघरात गेले आणि दार लावलं, तर पाचवा हुक तसाच वाकडा, आणि त्यावर त्या वर्षी राहायला आलेल्या कुण्या मुलीचा पिवळा टॉवेल. मला चक्क राग आला.

तुझी,
ताई